पल्याडची राणी

उलटेरावांनी पेन्सिलीचं टोक चाकूने तासलं, मांडीवरचा कागद सरळ केला आणि आरशात पाहिलं. आरशासमोर त्यांची बायको केस विंचरत बसली होती. ते तिच्या मागे स्टुलावर बसले होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला तिची पाठ आली होती आणि आरशात चेहरा. दिवसभरात ती एवढ्याच वेळापुरती एका जागी बसे. एरवी घरभर फिरत राही, कपाटं उघडून मिटून बघे, हातातली वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवी आणि मग तीच शोधत राही.

"आज उशीर केलात यायला," ती आरशातल्या बाईला म्हणाली. "मी केव्हाची वाट बघतेय."

समोरून काहीतरी उत्तर आलं असावं, कारण ती ऐकून हसली. तेवढ्यात उलटेरावांनी ओठांची रेघ कागदावर घेतली.

आरशातल्या बाईला ती शेजारीण म्हणे. ती शेजारीण कधी राहायला आली ते घरात कुणाच्या नीट लक्षात नव्हतं. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, मग एका सकाळी स्वतःचा चेहरा गेला, आणि त्याच्या जागी ही शेजारीण आली. लेक म्हणाली होती, आरशावर चादर टाकू या. डॉक्टर म्हणाले, घाबरत नसेल तर राहू द्या, सोबत आहे ती तिला. मग आरसा तसाच राहिला आणि सकाळच्या चहाला तिसरा कप लागू लागला. उलटेराव दोन कप नीट करत. शेजारणीच्या कपात भांड्यात उरलेला चहा ओतत, साखर न घालता, कारण तो शेवटी त्यांनाच प्यावा लागे आणि त्यांना साखर वर्ज्य होती. केस विंचरून होईपर्यंत आरशासमोरचा तो कप गार झालेला असे.

"घ्या ना," ती आज पुन्हा म्हणाली. "गार होतोय."

उलटेरावांनी गालावरचा तीळ कागदावर टिपला आणि पेन्सिल कानामागे खोचली.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण टांकसाळीत ठसे कोरणाऱ्या माणसाला सगळं उलटं कोरावं लागतं. नाण्यावर जे सुलट यायचं ते पोलादात उलट. अक्षरं उलटी, राजाचं नाक उलट्या दिशेला, जहाज उलटं चाललेलं. उमेदीची सगळी वर्षं हे केल्यावर माणूस पत्रावर सहीसुद्धा उलटी करतो, असं कुणीतरी एकदा गमतीने म्हणालं आणि नाव चिकटलं. तीही त्याच टांकसाळीत होती, तपासणी खात्यात. पट्ट्यावरून नवी नाणी वाहत येत आणि बायका दोन्ही बाजूंना बसून डोळ्यांत तेल घालून बघत. संशय आला की नाणं उचलून टेबलावर टाकायचं, आवाज ऐकायचा. चांगलं ते उजवीकडे, बाद ते डावीकडे. त्यांनी रात्र रात्र जागून कोरलेल्या ठशाचं नाणं तिने डावीकडे सारलं, तिथून त्यांची ओळख झाली.

"मोठ्यामोठ्यांची तोंडं कोरता," ती जेवणाच्या सुट्टीत म्हणायची. "आमच्या तोंडाने काय घोडं मारलंय?"

"तुमचं राज्य कुठंय? आधी राज्य घ्या, मग नाणं पाडू."

"घेतलं. नदीच्या पल्याड. तिथे भोंगा वाजत नाही, आणि जेवायची सुट्टी जेवण पचेपर्यंत."

त्या राज्याचं नाव पल्याडच राहिलं. दोघांनी मिळून ते बांधलं, रोज थोडंथोडं, एका डब्यातून जेवताना. तिथे घुबडं पहारा देत. तिथली नाव कुणी वल्हवत नसे, ती आपली आपण यायची. कँटीनमध्ये चहा आला की पोऱ्या विचारायचा, साखर? ती म्हणायची, नको. आणि मग हळूच दोन चमचे घालून घ्यायची. उलटेराव हसले की म्हणायची, "विचारल्यावर नको म्हणावं, हो. घालायची ती घालावीच."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पल्याडची नाणी पाडायला सुरुवात केली. नावेचं एक, घुबडाचं एक, भोंग्याच्या खांबावर घरटं बांधलेल्या पाखराचं एक. गल्लीच्या टोकाला कुलपं बनवणाऱ्याचा छोटा कारखाना होता, तिथलं हातदाबाचं यंत्र तो त्यांना वापरू देई. प्रत्येक नवं नाणं ते आधी तिच्या हातावर ठेवत. पूर्वी ती हसायची, त्यावर काहीबाही बोलायची. मग विसरणं आलं. पल्याड कुठंय ते ती विसरली, पण बोटं काही विसरली नाहीत. नाणं कडेने धरायची, टेबलावर टाकून आवाज ऐकायची, दोन्ही बाजू बघायची आणि डावीकडे सरकवायची.

"बाद," म्हणायची.

ते नाणं खिशात टाकून उलटेराव कामाला लागायचे. चूक तिची नव्हती. ज्या टांकसाळीत ती बसली होती तिथे असलं नाणं कधीच नव्हतं.

राणीचं नाणं मात्र त्यांनी तिला दाखवलं नाही. चेहरा समोरून कोरला होता, बाजूने नाही. समोरचा चेहरा कोरायला अवघड आणि टिकायलाही अवघड, कारण वापरात सगळ्यात आधी नाक झिजतं. हात आताशा थरथरे, म्हणून ते श्वास रोखून एक रेघ घेत आणि मग थांबत. चकत्या तिच्या जुन्या पितळी डब्याच्या झाकणातून कापल्या होत्या. यंत्राखाली बाकीच्या फाटल्या आणि एकच नाणं खणखणीत निघालं. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला नदी आणि वरच्या कडेला एकच शब्द, पल्याड. ते मऊ कापडात गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवलं. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात, काचेखाली, दिव्याच्या उजेडात हे नाणं तिने बघावं, चारचौघांत बघावं, आणि आपलं तोंड ओळखावं. अजून काही ओळखत होती तोवर. घरात दाखवलं तर तिचा हात सवयीने डावीकडे जाईल, अशी त्यांना धास्ती होती.

*

नाणेसंग्राहक मंडळाची बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरे. दुपारचं ऊन खिडकीतून लांबट पट्ट्यांनी टेबलावर पडलेलं असे आणि त्या पट्ट्यांत धूळ हळूहळू तरंगत असे, जणू तिलाही कुठे जायची घाई नव्हती. अध्यक्षस्थानी मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन किती काळ लोटला तरी सगळे मास्तरच म्हणत. उजवीकडे घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळवाला, डावीकडे फोटोवाला, आणि मागच्या खुर्च्यांवर गप्प बसून ऐकणारे बाकीचे.

उलटेरावांनी कापड उलगडलं. नाणं हातोहात फिरलं.

"काय देखणं काम आहे!" घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून म्हणाला. "मास्तर, हे मधल्या पेटीत ठेवायचं. एकदम मधल्या."

मास्तरांनी नाणं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि टेबलाचा खण उघडला. आतून लाल फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला पोलादी शिक्का, शिशाची लादी आणि छोटी हातोडी काढून त्यांनी ओळीने ठेवली. मंडळाचा नियम जुना होता. घरी पाडलेलं नाणं, ज्याला ते लोक मनचं नाणं म्हणत, प्रदर्शनात ठेवायचं असेल तर त्यावर "नक्कल" असा शिक्का हवा. आणि तो दुसऱ्या कुणी मारायचा नाही. ज्याचं नाणं त्यानेच, सगळ्यांसमोर. शिक्क्यावरची बारीक अक्षरं खुद्द उलटेरावांनीच मंडळाला कोरून दिली होती.

"आपल्याच हाताने आपला फास वळलात, उलटेराव," फोटोवाला म्हणाला आणि मागच्या खुर्च्या हसल्या.

उलटेराव हसले नाहीत. "मास्तर, एक विचारू? कशाची नक्कल?"

"म्हणजे?"

"जुन्या नाण्यासारखं नवं केलं तर नक्कल. ते कबूल. पण या नाण्याचं असली कुठंय? पल्याड नावाचं राज्य नाही, तिथे राणी नाही. असली दाखवा, मी आत्ता ठोकतो."

"बरोबर आहे," घड्याळवाला म्हणाला. "उद्या मी परीचं चित्र काढलं तर त्यावर नक्कल लिहायची का? हातच्या काकणाला आरसा कशाला! बघणाऱ्याला कळत नाही का, हे मनचं आहे ते?"

"आज कळतं," मास्तर म्हणाले. "उलटेराव समोर बसलेत म्हणून कळतं. उद्या उलटेराव नसतील, मी नसेन. नाण्याला तोंड असतं हो, जीभ नसते. ते कुणाला सांगणार की मला गंमत म्हणून पाडलंय?"

"तुम्ही फार पुढचं बघता."

"मी मागचं बघतो." मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "माझ्या वडिलांनी बाजारातून एका राणीचं नाणं आणलं. अनोळखी राणी. त्यांना वाटलं, इतिहासात हरवलेली कुणी असणार. तिचं घराणं शोधत ते वाचनालयं पालथी घालत राहिले. आई म्हणायची, या सवतीला घराबाहेर काढा. ते गेल्यावर मला कळलं की कुणा हौशी सोनाराने आपल्या भाचीच्या वाढदिवसाला ते पाडलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याने कुणाला फसवलं नाही. फक्त गंमत केली. त्या गमतीत माझे वडील म्हातारे झाले."

धूळ उन्हाच्या एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेली.

"पण तिच्या खांद्यावर नक्कल म्हणून ठोकायचं," उलटेराव हळू म्हणाले. "ते माझ्याने व्हायचं नाही."

तेवढ्यात फोटोवाला नाणं खिडकीकडे धरून म्हणाला, "एक मिनिट. ही तर वहिनी. उलटेराव, या वहिनीच ना? मी त्यांच्या निरोपसमारंभाचे फोटो काढलेत. पण त्यांचा तीळ डाव्या गालावर आहे. इथे उजव्या गालावर आलाय. आणि भांगही."

नाणं पुन्हा फिरलं. कुणीतरी मागून म्हणालं, "उलट्यांना उलटं करायचं राहिलं!" आणि या वेळी हसू आवरायला जरा वेळ लागला. घड्याळवाल्यालाही हसू आलं, मग तो ओशाळून टेबलाकडे बघत बसला.

उलटेरावांचा हात स्वतःच्या गालाकडे गेला. आधी डाव्या, मग उजव्या.

"प्रदर्शन पुढच्या रविवारी," मास्तर कुणाकडे न बघता म्हणाले. "त्या सकाळपर्यंत विचार करा. शिक्का मारलात तर मधली पेटी तुमची. नाही तर घरी न्या. राग धरू नका."

*

घरी आल्यावर ते आरशासमोर उभे राहिले. ठसा उलटाच कोरला होता, हयातभर कोरला तसा. पण ज्या चित्रावरून कोरला ते चित्रच आरशातलं होतं. आधी आरशाने उलटं केलं होतं, मग त्यांच्या हाताने केलं, मग यंत्राने. कुठेतरी एक पलटी चुकली होती. नव्या उमेदवाराच्या हातून झाली असती तर त्यांनी त्याला दिवसभर स्टुलावर उभं केलं असतं.

नवा ठसा कोरायचा तर एका आठवड्यात होणारं काम ते नव्हतं, आणि डब्याचं झाकणही संपलं होतं.

शनिवारी लेक आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. आली की आधी गोळ्यांचे डबे तपासायची, मग बापाला रागवायची, मग आईजवळ बसायची. नाण्याची हकीकत ऐकून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी ना. आरशातून चित्र कशाला काढायचं? फोटो नव्हते का घरात?"

"फोटोत ती बसलेली असते," ते म्हणाले. "आरशात ती असते."

लेकीने कपाटातून निरोपसमारंभाचा फोटो आणला आणि आईसमोर धरला. "आई, ओळख बरं कोण?"

तिने फोटो कडेने धरला. थोडा वेळ बघितला. "कुणाची गं ही? बरी दिसते. पण भांग भलत्याच बाजूला पाडलाय बाईने." आणि फोटो टेबलावर डावीकडे सरकवला.

लेकीने तोंड फिरवून औषधांचे डबे पुन्हा एकदा तपासायला घेतले. मग म्हणाली, "उद्या नेऊ नका तिला. चारचौघांत नाही ओळखलं तर तुम्हालाच लागेल."

"नेऊ."

"आणि बाद म्हणाली तर?"

"म्हणाली तर म्हणाली. तिचं कामच आहे ते."

"आणि शिक्का?"

"शिक्का नाही मारणार. तिला दाखवू आणि परत आणू. काच नसली तरी उजेड तर असेल."

आत ती आरशाशी बोलत होती. पलीकडच्या खोलीतून शब्द कळत नव्हते, फक्त सूर ऐकू येत होता, पाण्याच्या काठावर बसून कुणी बोलावं तसा, मध्ये मध्ये थांबून, समोरच्याला बोलू देत.

*

रविवारी सकाळी वाचनालयाच्या खोलीत काचेच्या पेट्या लागल्या होत्या. प्रत्येकीवर एक छोटा दिवा. दाराबाहेर लोक जमायला अजून अवकाश होता. मधल्या पेटीत निळी मखमल अंथरली होती आणि तिच्यावर काहीच ठेवलं नव्हतं.

उलटेराव आणि लेक तिला घेऊन आत आले तसे मास्तर उठून पुढे आले. "या वहिनी. बसा."

ती बसली. खोलीतल्या दिव्यांकडे बघत राहिली. "किती टेबलं!" ती म्हणाली. "सगळ्यांची शिफ्ट एकदमच का?"

"एकदमच," घड्याळवाला म्हणाला, आणि कुणी हसलं नाही.

मास्तरांनी लादी, शिक्का आणि हातोडी टेबलावर मांडली. उलटेरावांनी त्यांच्याकडे बघितलं. "आधी तिला बघू दे, मास्तर. मग काय ते."

मास्तरांनी मान हलवली.

उलटेरावांनी कापडातून नाणं काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी एवढ्या नाण्यांचे ठसे कोरले होते, पण नाणं ठेवून हात मागे घेणं इतकं जड त्यांना कधी गेलं नव्हतं. ते तिच्या बाजूला उभे राहिले, तिच्या डाव्या हाताकडे बघत.

तिने नाणं कडेने धरलं. टेबलावर टाकलं. पितळ वाजलं आणि खोलीत आवाज थोडा वेळ फिरत राहिला. तिने मान एका बाजूला करून तो संपेपर्यंत ऐकला. मग नाणं उचलून दिव्याखाली नेलं. आधी नदी बघितली. मग पलटलं.

ती बघत राहिली. एका हाताने तिने कपाळावरची बट मागे सारली, रोज आरशासमोर सारते तशी. तिचे डोळे मोठे झाले आणि चेहऱ्यावर हसू आलं, ओळखीचं, दार उघडल्यावर समोर आपलं माणूस दिसावं तसं.

"अगबाई! या इथे कशा?"

लेक एक पाऊल पुढे आली. "कोण, आई? कोण आहे ती?"

"शेजारीण आमची," ती म्हणाली. "समोरच राहते ना. रोज चहाला येते. बोलत नाही फार, पण ऐकते हो. मी सगळं सांगते तिला."

"आई, अगं ती तू..."

उलटेरावांनी लेकीच्या मनगटावर हात ठेवला.

फोटोवाल्याला राहवलं नाही. "पण वहिनी, हा तीळ..."

"हो, तोच," तिने नखाने दाखवलं. "अगदी तिथेच आहे. आणि भांगही. कुणी काढलंय? फार छान काढलंय. बिचारीला कुणी विचारत नाही म्हणून मला वाईट वाटायचं." तिने पुन्हा एकदा चेहरा बघितला आणि नाणं टेबलावर उजवीकडे ठेवलं. बोटाच्या टोकाने जरासं पुढे सरकवलं, पट्ट्यावर नीट लागावं म्हणून.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "जाऊ दे पुढे."

बाहेर जिन्यावर लोकांची पावलं वाजू लागली होती. मास्तर पुढे आले. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून उभे राहिले. मग टेबलावरची हातोडी उचलून त्यांनी खणात ठेवायला घेतली.

"उलटेराव," ते म्हणाले, "राहू द्या. शिक्क्याशिवाय ठेवू. एक दिवस माझ्या वडिलांनाही चालेल."

नाणं उचलून उलटेरावांनी राणीकडे पाहिलं. रात्र रात्र श्वास रोखून कोरलेला तो चेहरा त्यांनी जणू आज पहिल्यांदा पाहिला. मग हात पुढे केला.

"हातोडी द्या, मास्तर."

"अहो, मी म्हणतोय ना..."

"नियम बरोबर आहे तुमचा. मी म्हणत होतो, असली नाही म्हणून नक्कल नाही." त्यांनी नाणं शिशाच्या लादीवर ठेवलं, नदीची बाजू खाली, राणी वर. "असली आहे."

"कुठे?"

"घरी. वाट बघत असेल."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातोडी दिली.

उलटेरावांनी शिक्का राणीच्या खांद्याखाली टेकवला, चेहऱ्याला कुठे धक्का लागणार नाही अशा बेताने. हात थरथरत होता. त्यांनी श्वास रोखला, थरथर थांबली, आणि त्यांनी एकच ठोका मारला. भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत एवढी बारीक अक्षरं उमटली. त्यांनीच कोरलेली, सुलट.

ठोक्याचा आवाज ऐकून तिने मान वर केली.

"भोंगा झाला का?"

"झाला," उलटेराव म्हणाले. "चल, घरी जाऊ."

"तिलाही घेऊन जायचं का?"

"ती आज इथे बसेल थोडा वेळ. लोक बघायला आलेत तिला."

"बरं झालं," ती म्हणाली. उठताना तिने काचेच्या पेटीकडे बघून जरासा हात हलवला. मास्तरांनी नाणं निळ्या मखमलीवर ठेवलं आणि दिवा थोडा खाली ओढला.

*

घरी आल्यावर ती थेट आरशासमोर जाऊन बसली. उलटेरावांनी चहा टाकला. ऊन खिडकीतून आत येऊन अर्ध्या आरशावर पडलं होतं, आणि उजेडात तिची शेजारीण नेहमीपेक्षा जवळ बसल्यासारखी वाटत होती.

"तुम्ही आधीच पोचलात?" ती आरशाला म्हणाली. "मला वाटलं तुम्ही तिकडेच राहणार. किती छान दिसत होतात म्हणून सांगू!"

लेक दारात उभी राहून ऐकत होती. बापाने ओट्यावर तीन कप मांडले. भांड्यातला चहा तिन्ही कपांत सारखा ओतला, जरा तिरका होऊन बघून, कुणाच्या कपात कमी पडला नाही ना म्हणून. मग साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून आरशाच्या दिशेने वळले.

"शेजारणीला साखर किती गं लागते?"

"दोन चमचे," ती न वळता म्हणाली. "पण विचारू नका हो. विचारलं की नको म्हणते."

उलटेराव क्षणभर तसेच थांबले. मग त्यांनी दोन चमचे साखर घातली, बराच वेळ ढवळली, आणि कप नेऊन आरशासमोर ठेवला.